ताळा जुळेना!

शिक्षकमित्रहो, आरंभीच एक भागाकार करू या. ४१९५८३५ या संख्येला ३१४५७२७ ने भागायचे. काम कंटाळवाणे आहे, पण अवघड मुळीच नाही. सातवीतली चिकाटीची मुलगी अर्ध्या तासात कागदावर करून दाखवील. उत्तर येते १.३३३८२०४४९... आता आपण वर्गात नेहमी सांगतो तसा ताळा करू. भागाकाराला भाजकाने गुणले की भाज्य परत मिळायला हवा. तो मिळतो. म्हणजे उत्तर बरोबर.

१९९४ साली हाच भागाकार वैयक्तिक संगणकांतल्या सर्वांत नव्या आणि सर्वांत वेगवान चिपला घातला, तर ती उत्तर देत असे १.३३३७३९०६८... दशांश चिन्हानंतरचे पहिले तीन अंक बरोबर, चौथा चुकलेला. या उत्तराचा ताळा केला तर ४१९५८३५ ऐवजी ४१९५५७९ मिळतात. चक्क २५६ कमी! आमच्या वर्गात एखाद्या मुलाने असे उत्तर लिहिले असते, तर आम्ही ‘ताळा का केला नाहीस?’ असे विचारून वही परत दिली असती.

ती चिप म्हणजे इंटेल कंपनीची पेंटियम. तिच्यात चूक आहे हे कंपनीबाहेरच्या एका माणसाने शोधले, तो आपल्यासारखाच शिक्षक होता. त्याने रीतसर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. त्या फोनपासून कंपनीने ‘कोणालाही चिप बदलून देऊ’ असे जाहीर करेपर्यंत ५७ दिवस गेले. त्या दिवसांत नेमके काय घडले, आणि ते इतके लांबले का, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात भागाकार आहे, संभाव्यता आहे, आणि तक्रार करणाऱ्याशी कसे वागावे हा जुनाच प्रश्नही आहे.

जोडमूळ संख्यांचा छंद

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग नावाचे गाव आहे. तिथल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता जोडमूळ संख्या. ज्या दोन मूळ संख्यांत २ चाच फरक असतो त्या जोडमूळ: ३ व ५, ५ व ७, ११ व १३, १७ व १९, अशा. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडच्या काळापासून माहीत आहे. जोड्याही अनंत आहेत का? बहुतेक असाव्यात असे गणितज्ञांना वाटते, पण याची सिद्धता अजून कोणालाही देता आलेली नाही.

या जोड्यांची एक गंमत आहे. सर्व मूळ संख्यांचे गुणाकार व्यस्त घेऊन बेरीज करत गेले (१/२ + १/३ + १/५ + १/७...) तर ती बेरीज हळूहळू का होईना, कितीही मोठी होत जाते. हे ऑयलरने १७३७ मध्ये दाखवले. पण फक्त जोडमूळ संख्यांचे व्यस्त घेतले, तर बेरीज एका ठराविक मर्यादेपलीकडे जात नाही. नॉर्वेच्या व्हिगो ब्रुन यांनी हे १९१९ मध्ये सिद्ध केले. ही मर्यादा सुमारे १.९०२ आहे. तिच्याकडे बेरीज इतक्या कासवगतीने सरकते की पुढचे अंक मिळवायचे तर अक्षरशः अब्जावधी जोड्या तपासाव्या लागतात. नाइसली नेमके हेच करत होते. कॉलेजातले काही संगणक त्यांनी या कामाला लावले होते. मार्च १९९४ मध्ये त्यांत एका नव्या पेंटियम संगणकाची भर पडली.

इतकी लांबलचक गणिते करणारा माणूस एकाच उत्तरावर विसंबून राहत नाही. नाइसली तीच बेरीज दोन वेगवेगळ्या प्रकारे करत. एकदा चिपमधल्या तयार भागाकाराने, आणि एकदा स्वतः लिहिलेल्या, जास्त अंक सांभाळणाऱ्या आज्ञावलीने. मधूनमधून पूर्वी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशीही ताडून पाहत. हा ताळाच झाला, फक्त मोठ्या प्रमाणावरचा. जून १९९४ मध्ये हा ताळा जुळेना.

आता पुढचे चार महिने त्यांनी काय केले, तिकडे लक्ष द्यावे. ‘चिप चुकते’ असे ते लगेच म्हणाले नाहीत. आधी संशय स्वतःवर: आपल्या आज्ञावलीत काही तर्कदोष असेल. मग कंपायलरवर, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या आज्ञावलीवर. मग संगणकातल्या इतर सुट्या भागांवर. एकेक शक्यता तपासून बाद केली. जुन्या ४८६ चिपच्या संगणकावर तेच गणित केले तर उत्तर बरोबर येई. दुसऱ्या पेंटियमवर केले तर तीच चूक, त्याच जागी. पेंटियममधला दशांश गणिते करणारा भाग बंद ठेवला तर चूक नाहीशी होई.

शोध घेत घेत ते एका जोडीपाशी येऊन थांबले: ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३. यांपैकी पहिल्या संख्येचा गुणाकार व्यस्त काढला आणि त्याला पुन्हा त्याच संख्येने गुणले, तर उत्तर १ यायला हवे. पेंटियमवर येत होते ०.९९९९९९९९६२७... आठ वेळा नऊ आणि मग घसरगुंडी. जी चिप अठरा-एकोणीस अंकांपर्यंत बरोबर उत्तराची हमी देते, तिच्यासाठी नवव्या अंकाला चुकणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. १९ ऑक्टोबरला नाइसलींची खात्री पटली की बाकी सर्व संशयित निर्दोष आहेत. दोष चिपमध्येच आहे.

‘अशी तक्रार आधी आलेली नाही’

सोमवार, २४ ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी इंटेलच्या तांत्रिक मदतकेंद्राला फोन केला. तक्रार नोंदवली गेली, तिला क्रमांकही मिळाला. नंतर त्यांना एवढेच कळवण्यात आले की कंपनीतल्या एका संगणकावर तसेच उत्तर येते खरे, पण त्याचे स्पष्टीकरण सध्या नाही, आणि असा दोष यापूर्वी कोणाच्या पाहण्यात वा ऐकण्यात आलेला नाही.

संगणक वापरणाऱ्या कोणालाही हे शेवटचे वाक्य ओळखीचे वाटेल. आमच्या शाळेतला पहिला संगणक दर पंधरा दिवसांनी आपोआप बंद पडे. फोन केला की पलीकडून हमखास उत्तर येई, ‘सर, अशी तक्रार फक्त तुमचीच आहे.’ पुढे तालुक्याच्या बैठकीत कळले की तेच यंत्र घेतलेल्या आणखी तीन शाळांना नेमके हेच उत्तर मिळत होते. प्रत्येकाला वाटत होते, दोष आपल्याकडेच असेल. आपल्या शाळेतली वीज खराब, आपले शिक्षक अडाणी, आपली मुले खोडकर!

इंटेलच्या बाबतीत गोष्ट याहून पुढची होती. कंपनीच्या स्वतःच्या तपासनिसांना हा दोष १९९४ च्या उन्हाळ्यातच सापडलेला होता. पुढे तयार होणाऱ्या चिपमध्ये दुरुस्ती करायचेही ठरले होते. मात्र आधीच विकलेल्या चिपबद्दल ग्राहकांना काही सांगायचे नाही, असा निर्णय झाला होता. चूक इतकी दुर्मिळ आहे की कोणाच्या लक्षात येणार नाही, असा हिशेब. फोनवर बोललेल्या माणसाला हे ठाऊक होते की नव्हते, हे तितकेसे महत्त्वाचे नाही. कंपनीच्या एका खोलीत जे ज्ञान होते ते दुसऱ्या खोलीत फोन उचलणाऱ्यापर्यंत पोचलेले नव्हते, आणि फोन करणाऱ्यापर्यंत तर नाहीच.

सहा दिवस वाट पाहून ३० ऑक्टोबरला नाइसलींनी काही ओळखीच्या तज्ज्ञांना ई-मेल पाठवले. त्या पत्रात आरडाओरडा नाही. काय दिसले, कुठल्या संगणकांवर दिसले, कुठल्यांवर दिसले नाही, कोणत्या शक्यता तपासून बाद केल्या, कंपनीला कधी कळवले, काय उत्तर मिळाले, हे सारे क्रमाने. आणि शेवटी विनंती: आपल्याकडे पेंटियम असेल तर हे छोटे गणित करून पाहा.

हे पत्र हातोहात पसरले, कारण त्यातला दावा कोणालाही दोन मिनिटांत स्वतः तपासता येत होता. थोड्याच दिवसांत नॉर्वेतून, जर्मनीतून, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकातून लोक आपापले ताळे इंटरनेटवरील चर्चागटांत मांडू लागले. ७ नोव्हेंबरला एका इलेक्ट्रॉनिक्स व्यवसायपत्राने बातमी छापली. तेव्हा कुठे कंपनीने मान्य केले की दोष तिला आधीच ठाऊक होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ही बातमी दूरचित्रवाणीवर आणि मोठ्या वृत्तपत्रांत झळकली.

तक्त्यातली रिकामी घरे

पण चिप भागाकारात चुकते तरी कशी? हे समजण्यासाठी आपण स्वतः भागाकार कसा करतो ते आठवू. भाज्याचे पहिले काही अंक बघायचे, भाजकाचे पहिले काही अंक बघायचे, आणि अंदाज करायचा: ‘सात वेळा जाईल’. मग गुणायचे, वजा करायचे, पुढचा अंक खाली घ्यायचा. अंदाज मोठा झाला तर खोडायचे. भागाकारातली खरी मेख हा अंदाजच आहे, आणि मुलांना तोच जड जातो.

चिपला खोडत बसायला वेळ नसतो. १९५८ च्या सुमारास स्वीनी, रॉबर्टसन आणि टोचर या तिघांनी स्वतंत्रपणे एक नामी युक्ती काढली. भागाकारात ऋण अंकही चालवून घ्यायचे! अंदाज थोडा जास्त झाला तर पुढच्या पायरीला ऋण अंक घेऊन तो सावरता येतो, म्हणून खोडण्याची गरजच नाही. पेंटियममध्ये हीच रीत ४ च्या पायाने वापरली होती. प्रत्येक पायरीला अंक असू शकत −२, −१, ०, १ किंवा २. कोणता घ्यायचा हे चिपमध्ये कोरलेल्या एका तक्त्यात पाहायचे: उरलेल्या बाकीचे पहिले काही अंक आणि भाजकाचे पहिले काही अंक घेतले की तक्त्यातले एक घर मिळते, त्यात जो अंक असेल तो घ्यायचा. पाढे पाठ असलेला मुलगा जसा विचार न करता उत्तर देतो, तसेच. या रीतीमुळे पेंटियमचा भागाकार आधीच्या ४८६ पेक्षा बराच झपाट्याने होई.

त्या तक्त्यात २०४८ घरे होती आणि कंपनीच्या निवेदनाप्रमाणे त्यांपैकी १०६६ भरलेली असायला हवी होती. त्यांपैकी पाच घरांत २ च्या जागी ० राहिला. आता गंमत पाहा. जिथे २ घ्यायला हवे तिथे ० घेतले, तर बाकी फार मोठी उरते. पुढच्या पायऱ्यांना जास्तीत जास्त २ च घेता येत असल्याने ती तूट कधीच भरून निघत नाही. थोडा चुकलेला अंदाज सावरणारी ही रीत एवढी मोठी चूक मात्र सावरू शकत नाही.

ही पाच घरे तक्त्याच्या अगदी कडेला होती. तिथे पोचायला भाजकाची विशिष्ट ठेवण लागते: त्याच्या द्विमान रूपाचे पहिले पाच अंक पाच ठराविक नमुन्यांपैकी एक हवेत आणि लगेच त्यानंतर सलग सहा वेळा १ हवा. शिवाय नवव्या पायरीच्या आधी ते घर लागूच शकत नाही. म्हणून तर पहिले काही अंक बरोबर येतात.

हे पडताळून पाहण्याजोगे आहे. आरंभीचा आपला भाजक ३१४५७२७. तो आहे ३ × १०४८५७६ वजा १, म्हणजे ‘३ गुणिले २ चा विसावा घात’ यापेक्षा फक्त एकने कमी. द्विमान पद्धतीत त्याचे रूप होते १० आणि पुढे सलग वीस वेळा १. आता नाइसलींची मूळ संख्या ८२४६३३७०२४४१ घ्या. ‘३ गुणिले २ चा अडतिसावा घात’ म्हणजे ८२४६३३७२०८३२. त्यापेक्षा ती अवघी १८३९१ ने कमी. तिचेही द्विमान रूप १० ने सुरू होते आणि पुढे सलग तेवीस वेळा १ येतो. दोन्ही संख्या एकाच ठेवणीच्या, एकाच रिकाम्या घराकडे नेणाऱ्या! पहिले उदाहरण टिम को या चिप-अभियंत्याने शोधले. त्याच्याजवळ इंटेलचे नकाशे नव्हते. लोकांनी जमवलेल्या चुकलेल्या उत्तरांवरून उलट तर्क करत त्याने आतल्या तक्त्यात काय बिघडले असेल ते ताडले आणि सर्वांत ढळढळीत चूक देणारी संख्यांची जोडी मांडून दाखवली.

घरे रिकामी का राहिली? तक्ता चिपवर उतरवताना काही नोंदी गळल्या, असे कंपनीने तेव्हा सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये केन शिरिफ या अभियंत्याने जुनी पेंटियम चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली तिचा तक्ता वाचला. त्याच्या मोजणीप्रमाणे गळलेली घरे १६ होती, त्यांतली ५ च उपद्रवी. आणि कारण उतरवण्यातली चूक नसून, तक्त्याची वरची सीमारेषा काढतानाच गणितात चूक झाली असावी, असे तो म्हणतो. म्हणजे तीस वर्षांनंतरही या प्रकरणाचा ताळा चालूच आहे.

२७,००० वर्षे की २४ दिवस?

बातमी फुटल्यावर कंपनीने एक आकडा पुढे केला: सर्वसाधारण माणसाला ही चूक सुमारे २७,००० वर्षांतून एकदा भेटेल! हा आकडा आला कुठून? कंपनीच्या मते यादृच्छिक निवडलेल्या ९०० कोटी भागाकारांत एक चुकतो. हिशेबाचे तक्ते करणारा माणूस दिवसाला १००० भागाकार करतो असे धरले. ९०० कोटी भागिले १००० म्हणजे ९० लाख दिवस. आपण ३६५ ने भागले तर पंचवीस हजारांच्या आसपास वर्षे येतात. कंपनीचा आकडा त्याच्याच जवळपासचा आहे.

१२ डिसेंबरला आयबीएम कंपनीने पेंटियम बसवलेल्या आपल्या संगणकांची विक्री थांबवली आणि स्वतःचा आकडा जाहीर केला: २४ दिवसांतून एकदा! त्यांचे म्हणणे असे, की माणसे यादृच्छिक संख्या भागत नाहीत. व्यवहारात येणाऱ्या संख्यांची एक विशिष्ट ठेवण असते आणि त्यांत चुकीची शक्यता १० कोटींत एक इतकी वाढते. शिवाय हिशेबाचे तक्ते पुनःपुन्हा मोजणारा संगणक दिवसाला ४२ लाख भागाकार करतो. १० कोटी भागिले ४२ लाख, म्हणजे सुमारे २४.

दोन उत्तरांत चार लाख पटींचा फरक, आणि भागाकार दोघांचेही बरोबर! चूक गणितात नव्हती. फरक होता तो गृहीतांत. आणि गृहीते निवडताना दोघांचेही हितसंबंध होते. इंटेलला चिपा परत घ्यायच्या नव्हत्या, आणि आयबीएम त्याच सुमारास पेंटियमशी स्पर्धा करणाऱ्या चिपची भागीदार होती. संभाव्यता शिकवताना आपण फासे आणि पत्ते घेतो. हे उदाहरण आम्हाला त्याहून मोलाचे वाटते. ‘किती?’ या प्रश्नाआधी ‘काय धरून?’ हे विचारायला ते शिकवते.

आणि नाइसलींचे काय? त्यांना २७,००० वर्षे वाट पाहावी लागली नाही. चूक तीन महिन्यांतच भेटली. सरासरी माणसाबद्दलचे विधान खरे असले तरी फोन करणारा माणूस सरासरी नसतो. त्याला अडचण आली आहे म्हणूनच तो फोन करतो.

ग्राहक नेमका कोण?

कंपनीने या काळात एक नियम केला होता. चिप बदलून हवी असेल तर फोन करा, आपण संगणकावर कोणते काम करता ते सांगा. आपल्या कामाला अचूक भागाकाराची खरोखर गरज आहे असे आम्हाला पटले तर बदलून देऊ. लोकांचा खरा संताप इथे झाला. दुकानदाराने खोट्या वजनाबद्दल ‘तुम्हाला अचूक साखर कशाला हवी?’ असे विचारावे, तसे हे झाले.

इतकी हुशार माणसे असे का वागली? आमच्या मते यामागे एक ऐतिहासिक कारण आहे. वर्षानुवर्षे इंटेलचा ग्राहक म्हणजे संगणक बनवणारी कंपनी. अभियंते अभियंत्यांशी बोलत. चिपांत लहानमोठे दोष सापडतच, त्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जात, ‘हे टाळा, ते असे करा’ म्हणून मार्ग निघे. घरी बसून संगणक वापरणारा या व्यवहारात कुठेच नव्हता. १९९१ मध्ये मात्र इंटेलने जाहिरातींची मोठी मोहीम काढली आणि संगणकांच्या खोक्यांवर ‘आत इंटेल आहे’ अशा अर्थाच्या चकत्या लागू लागल्या. नुसत्या आकड्यांवर नाममुद्रेचा हक्क मिळत नाही म्हणून ५८६ ऐवजी ‘पेंटियम’ हे नाव घेतले गेले. १९९३ च्या मार्चमध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टरांची ही चिप बाजारात आली. तिच्या उभारणीचे नेतृत्व करणाऱ्यांत विनोद धाम होते, त्यांचा जन्म आपल्या पुण्याचा.

म्हणजे कंपनीने नाव थेट घरापर्यंत पोचवले, पण फोन उचलण्याची व्यवस्था जुनीच राहिली. ज्याच्या दारात आपण आपल्या नावाची चकती लावतो, तो अडचण आली की आपल्याच दारात येणार, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. डिसेंबरात फोनांचा इतका पूर आला की वेगवेगळ्या खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना स्वेच्छेने फोनवर बसावे लागले. कंपनीचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात हे मोकळेपणाने लिहिले आहे: आपण सामान्य ग्राहकाच्या धंद्यात शिरलो आहोत, हे आपल्यालाच उशिरा उमगले.

२० डिसेंबरला कंपनीने माघार घेतली. क्षमा मागून जाहीर केले की कोणालाही, कसलेही प्रश्न न विचारता, चिप बदलून मिळेल. यासाठी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. गमतीचा भाग असा, की हा हक्क मिळाल्यावर अनेकांनी चिप बदलून घेतलीच नाही! त्यांना चिपपेक्षा आपला शब्द मानला जाणे अधिक हवे होते, असे आम्हाला वाटते.

पुढे काय बदलले

काही चांगल्या गोष्टी यातून निघाल्या. चिपांतल्या ज्ञात दोषांच्या याद्या इंटेल उघडपणे प्रसिद्ध करू लागली. १९९५ च्या पुढच्या पिढीपासून चिपमधल्या काही सूक्ष्म आज्ञा विक्रीनंतरही बदलता येतील अशी सोय आली. १९९७ मध्ये पेंटियममध्ये आणखी एक मोठा दोष बाहेरच्यांना सापडला, तेव्हा त्यावरचा उपाय काही दिवसांतच जाहीर झाला. आणि गणिताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘भरपूर उदाहरणे तपासली’ यावर समाधान न मानता भागाकाराची रीत बरोबर आहे याची सिद्धताच देण्याकडे चिप-उद्योग वळला. लाखो उदाहरणे बरोबर आली म्हणजे प्रमेय सिद्ध होत नाही, हे आपण भूमितीच्या तासाला सांगतोच. त्याची किंमत इथे डॉलरमध्ये मोजली गेली.

वर्गात काय करता येईल? आरंभीचा भागाकार मुलांना द्यावा. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि कोणते बरोबर हे ताळ्याने ठरवू द्यावे. मग २७,००० वर्षे आणि २४ दिवस या दोन्ही आकड्यांमागची गृहीते मुलांनाच शोधू द्यावीत. आणि शेवटी एक तक्रारपत्र लिहायला सांगावे, शाळेतल्या गळक्या नळाबद्दल का असेना. काय दिसले, कधी दिसले, कोणती कारणे तपासून बाद केली, आणि वाचणाऱ्याला ते स्वतः कसे पडताळून पाहता येईल. नाइसलींच्या पत्रात एवढेच होते. मोठा आवाज नव्हता, ओळख नव्हती, पैसाही नव्हता. होता तो एक ताळा, आणि तो कोणालाही करून पाहता येत होता.

यंत्र चुकत नाही, असे मुलांना वाटते. मोठ्यांनाही वाटते. आज उत्तर सांगणारी यंत्रे प्रत्येकाच्या खिशात आहेत. म्हणूनच उत्तराखाली ताळा लिहिण्याची जुनी सवय सोडू नये, आणि तो जुळला नाही तर ‘अशी तक्रार फक्त तुमचीच आहे’ हे ऐकून फोन खाली ठेवू नये.